कावळ्यासमोरचा ठराव

मध्यंतरी एका कावळ्यानं माझ्याकडून गटार कबूल करून घेतलं. ४० मीटर, बंदिस्त, चेंबरसकट. चारेकशे माणसं साक्षीला होती, माईक चालू होता, आणि दहाच्या आत मला पोराच्या शाळेत पालकसभेला पोचायचं होतं. कावळ्यावरचा माझा राग आता गेलाय. माणसांवरचा जायला वेळ लागेल.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथंच राहायचंय. वॉर्ड तीन, सर्वसाधारण स्त्री. खरं तर आमचे हे त्या वॉर्डातून उभं राहायचं म्हणून दोन वर्षं राबत होते. कुणाच्या बारशाला पाळणा, कुणाच्या म्हशीला डॉक्टर, गणपतीला मांडव. मग आरक्षणाची सोडत निघाली. शाळेतल्या एका पोरानं बरणीत हात घालून चिठ्ठी काढली आणि ह्यांची दोन वर्षं महिलांना गेली. त्याच संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा हे म्हणाले, "तू उभी राहतीयेस." विचारलं नाही, कळवलं. कागदपत्रं बघितली तर सगळ्या अटींत मी बसत होते. अपत्यं दोनच, घरात शौचालय, घरपट्टीची बाकी नाही, सरकारी जागेत अतिक्रमण नाही. एवढ्या अटी लग्न ठरवताना माझ्या सासऱ्यांनीसुद्धा घातल्या नव्हत्या. कपबशी चिन्ह मिळालं आणि ११ मतांनी निवडून आले.

तेव्हापासून गावात आमचे हे 'मेंबर' झाले आणि मी 'मेंबरीणबाई'. या शब्दाची मला गंमतही वाटते आणि चीडही येते. मास्तरची बायको मास्तरीण आणि स्वतः शाळेत शिकवते तीही मास्तरीणच. डॉक्टरीणबाईंचं तसंच. बाई खुर्चीवर बसली काय आणि खुर्चीवरच्या माणसाच्या शेजारी बसली काय, गावाला शब्द बदलायचे कष्ट पडू नयेत अशी सोय भाषेनंच करून ठेवलीय. सकाळी सहाला दार वाजतं.

"मेंबर हायती का?"

"मीच. बोला."

"न्हाय, मेंबर… आप्पा."

"अंघोळीला गेलेत. काम काय होतं?"

"ऱ्हाऊ द्या, ते आल्यावर येतो. पंचायतीचं हाय."

पंचायतीचं म्हणून मला सांगायचं नाही! असे लोक मी हसत हसत ओट्यावर बसवते आणि चहा करते. चहा मात्र मेंबरीणबाईंनीच करायचा असतो. सदस्यांना मासिक सभेचा बैठक भत्ता २०० रुपये मिळतो. आमच्या घरी महिन्याला साखर किती लागते ते मी इथं लिहीत नाही.

कुणी घरात नसलं की तक्रारी सासूबाई घेतात. दुधाची वही असते तिच्यातच लिहितात, वेगळी वही करायला तयार नाहीत. "दीड लिटर. खालच्या आळीत पाणी न्हाई. एक लिटर. खांबावरचा दिवा मिचमिचतो." महिनाअखेरीला मी दुधाचा हिशेब करायला बसते तेव्हा मला वॉर्ड कळतो. महिला सदस्यांच्या कारभारात नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी ढवळाढवळ करू नये असं शासनाचं परिपत्रक आहे. आमच्या सभेत ते वाचून दाखवलं गेलं. वाचून कुणी दाखवलं? ह्यांनीच. मी चष्मा घरी विसरले होते.

तर आबा.

आबा आमच्या वॉर्डातले, चौऱ्याऐंशी वर्षांचे. घराच्या दारातून उघडं गटार जातं आणि बरोबर आबांच्या ओट्यापुढं येऊन तुंबतं. का तुंबतं हे सगळ्या गावाला माहीत आहे: पलीकडच्या चुलतभावानं घराची पायरी दोन फूट पुढं घेतलीय, गटारावर. पण भावकीतली पायरी म्हणजे हिमालयाच्या रांगेतला डोंगर. ती तिथं आहे, नद्यांनी वळून जायचं. आबा अर्ज द्यायचे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, वर्षातल्या चारही ग्रामसभांना. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तिथंही एकदा येऊन बसले. म्हटलं, "आबा, ही बायकांची सभा हाय." तर म्हणाले, "गटाराचा वास बायकांना येत न्हाई व्हय?" याला उत्तर नव्हतं. अर्ज घेतला.

काम मी गावाच्या विकास आराखड्यात घातलं होतं, हे देवाशपथ खरं आहे. तीन वर्षं ते आराखड्यात आहे. दर वर्षी एक ओळ खाली सरकतं. आबा गेले तेव्हा ते सोळाव्या नंबरवर होतं.

दशक्रिया विधी ओढ्याकाठी. तिथं पत्र्याची शेड आहे, शेडवर ती कुणाच्या प्रयत्नातून झाली त्यांची नावं आहेत, नावांवर कबुतरं आहेत. सकाळी साडेसातला प्रवचन सुरू झालं, मग श्रद्धांजल्या. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. तेवढीही माणसं आमच्याकडं जमत नाहीत, सभा तहकूब करावी लागते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळं गावचा विकास त्या पाचपंचवीस जणांत उरकतो. दहाव्याला मात्र चारशे माणूस. ग्रामसभा ओढ्याकाठी घ्यावी आणि शेवटी पिठलंभात ठेवावा असं मी एकदा सुचवलं होतं. लोक हसले. मी गंमत केली नव्हती.

पिंड मांडले. पानावर आबांच्या आवडीचं सगळं होतं: कांदाभजी, कपात चहा, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी. माणसं मागं सरली. निंबाच्या झाडावर दोन कावळे होते. दोघंही बघत होते. खाली कुणी येईना.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. थोरल्या मुलानं हात जोडून काहीतरी पुटपुटलं. कावळा ढिम्म. गुरुजींनी घड्याळ बघितलं, त्यांना पुढच्या गावात दुसरा दहावा होता. आणि इथं आबांच्या मेहुण्यांनी ताबा घेतला.

हे मेहुणे मुंबईत बसवर कंडक्टर होते, तीस वर्षं. रिटायर होऊन जमाना झाला, पण कंडक्टरकी अंगातून उतरलेली नाही. अंगात पांढरा सफारी, खांद्याला चामड्याची पिशवी, बोटांत बसल्या जागी पैसे खुळखुळवायची सवय. ते पुढं झाले आणि आधी गर्दीकडं वळले.

"मागं सरका. मागं सरका! दारात उभं राहू नका, दाजींना यायला वाट कुठंय?"

चारशे माणूस मागं सरलं. सरपंच सरले. महाराज हार्मोनियमसकट सरले. मग मेहुण्यांनी झाडाकडं बघितलं आणि एकदम हळवा आवाज काढला. "दाजी, या. बसायला जागा हाय. तंबाखू आणलीय तुमच्या ब्रँडची." बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं दाजी म्हणतात, तेव्हा नात्यात चूक नव्हती. फक्त दाजी आता चोचीनं पंख खाजवत होते.

"इच्छा राहिलीय कायतरी," मेहुणे म्हणाले. "एकेक जण या. थोरल्यापासून. रांगेनं."

थोरल्यानं शब्द दिला की बांधावरचा आंबा तोडणार नाही. कावळा नाही. धाकट्यानं शब्द दिला की दारू सोडतो. इथं एक कावळा दोन फांद्या खाली आला, मान वाकडी करून धाकट्याकडं नीट बघितलं आणि परत वर गेला. चारशे माणसांच्या मनातलं त्यानं एका उडीत सांगितलं. मग सुनांनी सासूला सांभाळायचा शब्द दिला, नातवानं पोलीस भरतीची परीक्षा पास व्हायचा. मेहुणे प्रत्येकाला म्हणायचे, "झालं? पुढं सरका. नेक्स्ट."

मग लेकीला पुढं बोलावलं. ती बिचारी रडून रडून डोळे सुजलेली. मेहुणे म्हणाले, "बाळा, तू म्हण, मी जमिनीत वाटा मागणार नाही, हक्कसोड करून देते." तिनं मान खाली घालून म्हटलं. सगळ्यांनी आशेनं वर बघितलं. कावळे ढिम्म. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क, हा कायदा २००५ साली झाला. एवढ्या गर्दीत तो फक्त त्या दोन पाखरांना ठाऊक असावा. 'वाटा देतो' असं भावांनी म्हणून बघावं, असं त्या तासाभरात एकाही माणसाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं. मी बोलले नाही. हा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतेय.

नऊ वाजून गेले. ऊन पत्र्यावर चढलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, शास्त्रात सोय आहे. मेहुणे उखडले. "तीस वर्षं मी डुप्लिकेट तिकीट चालवून घेतलं नाही. खराच पाहिजे." आणि गर्दीकडं वळून म्हणाले, "दाजींचं शेवटचं बोलणं काय झालं होतं?"

धाकटी सून पदर सारखा करत म्हणाली, "गटाराचं म्हणत हुते."

चारशे मुंडकी एकदम वळली. माझ्याकडं नाही. ह्यांच्याकडं. हे पहिल्या रांगेत होते, पांढरे कपडे, गॉगल, हात मागं. भूमिपूजनाला उभं राहतात तसेच. ह्यांना माणसं आपल्याकडं बघतात एवढं पुरतं. दोन पावलं पुढं झाले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आबा! मार्चच्या आत गटार पूर्ण करून देतो. हा माझा शब्द आहे!"

दोन्ही कावळे उडून गेले. झाड मोकळं. एक बारकं पोर हसलं, त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला. मेहुण्यांनी ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तुम्ही मेंबर?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मेंबर त्यांच्या मिसेस हायती."

"मग असं सांगा की! दुसऱ्याच्या पासावर प्रवास चालत नाही, साहेब. ज्याचं तिकीट त्यानं दाखवायचं. कुठायत मॅडम?"

तीन वर्षं. तीन वर्षांत दाखला पाहिजे म्हणून, नळ पाहिजे म्हणून, उद्घाटनाला, सत्काराला, मांडवात माईकवर नाव घ्यायला एकाही माणसाला मी आठवले नाही. फ्लेक्सवर माझा फोटो ह्यांच्या खांद्याएवढ्या उंचीचा. आणि पाप लागायची वेळ आल्याबरोबर चारशे जणांना लोकशाही आठवली! महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ साली मिळालं. त्याची आमच्या गावातली पहिली अंमलबजावणी एका निंबाच्या झाडाखाली झाली. बायकांच्या घोळक्यातून मला हाताला धरून पुढं आणलं. खांद्याला पालकसभेची पर्स, तिच्यातून पोराचं प्रगतिपुस्तक बाहेर डोकावतंय.

एक कावळा परत येऊन बसला होता.

आता, मला खोटं बोलायचं नव्हतं. समोर गेलेला माणूस, आणि आपण त्याला वर्षाला चारदा परत पाठवलेला. म्हणून मी खरं ते सांगायला लागले. म्हटलं, "आबा, काम आराखड्यात हाय. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी बंधित ६० टक्के, अबंधित ४० टक्के. बंधित म्हंजे पाणी आणि स्वच्छतेलाच. गटार स्वच्छतेत येतंय, म्हणजे बंधितमधनं बसतंय, पण बंधितमधनं पाण्याच्या टाकीचं काम चालू हाय…"

कावळ्यानं मान तिरकी केली. खरं सांगते, आमच्या सभेत इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलेलं नाही.

"…आणि खर्च करायला डिजिटल सही लागते ती सरपंचांची आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांची. सदस्याची सही फक्त हजेरीला असतीय, आबा. मी सूचक हुईन. पण अनुमोदक मिळाय पायजे, ठराव मंजूर व्हाय पायजे, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता…"

"ताई," मेहुणे म्हणाले, "दाजींना रूट नका सांगू. गाडी कधी पोचणार ते सांगा."

"मी प्रयत्न करते."

"प्रयत्नाचं तिकीट नसतं."

गर्दीतून आवाज आला, "म्हणून टाका की वयनी, जेवणं खोळंबलीत." सरपंच माझ्याकडं बघत नव्हते, ओढ्याच्या पाण्याकडं बघत होते. भाऊसाहेबांना एकदम फोन आला. आणि ज्यानं पायरी दोन फूट पुढं घेतलीय तो चुलतभाऊ डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांत भक्तिभावानं उभा होता.

मी म्हटलं, "करते, आबा. पायरी काढून करते."

'पायरी काढून' कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही. चुलतभावाचे डोळे उघडले. कावळा खाली आला, पानाभोवती एक फेरी मारली, भाताला चोच लावली आणि भजं घेऊन गेला. "शिवला, शिवला!" एकच गलका. बायका रडल्या, लेक माझ्या गळ्यात पडली. मेहुण्यांनी पिशवीतून रुमाल काढून घाम पुसला आणि म्हणाले, "चला, डबल बेल." त्यानंतर अडीच मिनिटांत शेड रिकामी. सगळे पंगतीला.

गाडीवरून घरी येताना हे बोलत नव्हते. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाले, "एवढ्या लोकांत शब्द कशाला द्यायचा? निधी कुठाय?"

मी गाडी थांबवायला सांगितली आणि चालत घरी गेले. पालकसभा संपली होती. पोराच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी लिहिलंय, 'पालक लक्ष देत नाहीत.'

त्यानंतर जे चाललंय त्याला काय म्हणावं? मेहुणे तेराव्यापर्यंत राहिले आणि रोज सकाळी सातला फिरायला म्हणून यायचे, ओट्याशी थांबायचे, हातातलं घड्याळ बघायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. जाताना माझा नंबर घेऊन गेले. आता दर सोमवारी मुंबईहून फुलांच्या चित्राचं 'सुप्रभात' येतं, खाली दोनच शब्द, 'कुठवर आलं?' सासूबाई रोज कावळ्याला पोळीचा तुकडा घालतात, तो आमच्या कठड्यावर बसून खातो. तो तोच आहे की दुसरा, मला ओळखू येत नाही, आणि तीच तर अडचण आहे. मी त्याच्यासमोर भांडी घासायलासुद्धा जात नाही.

पण खरा घोळ पुढंच झाला. वॉर्डातल्या म्हाताऱ्या माणसांना युक्ती कळली. पंच्याऐंशीच्या एक काकू परवा दारात आल्या, बसल्या, गुडघे चोळले आणि म्हणाल्या, "माझ्या नळाला पाणी न्हाई ते असू दे. मी काय मागत न्हाई. सुनंला सांगून ठेवलंय, माझ्या दहाव्याला मेंबरीणबाईला पुढच्या रांगेत बसवा." दुसरे एक तात्या खोकत खोकत आले, रस्त्याच्या खड्ड्याचं बोलले आणि जाताना झाडाकडं बघून म्हणाले, "बघू. भेटूच." माणशी ५५ लिटर पाणी रोज द्यायचं असा सरकारी हिशेब आहे, माणूस गेल्यावरही पाणी मागतो, हे कुठल्याच योजनेत धरलेलं नाही. आणि आता कुणीही ह्यांना विचारत नाही, बरं का. सकाळी सहाला दार वाजतं, "मेंबरीणबाई हायती का?" हे दार उघडतात आणि तोंड पाडून आत सांगायला येतात. एवढं एक सुख मात्र मी चाखून घेते. चहा पण आता हेच टाकतात, साखर जास्त होते.

चुलतभावाकडं पायरी मोजायला टेप घेऊन गेले तर तो म्हणाला, "आधी मी मरतो, मग काढा." म्हटलं, "भावजी, तुमच्या दहाव्यालाही मलाच यायचंय. विचार करा." दार आपटलं. पण दोन दिवसांनी पायरीवरच्या तुळशीच्या कुंड्या हललेल्या दिसल्या. कुंड्याच. पायरी आहे तिथंच आहे.

काल मासिक सभा झाली. आयत्या वेळच्या विषयात मी गटार मांडलं. सोळाव्या नंबरवरून पहिल्यावर घ्या म्हटलं. भाऊसाहेबांनी पेन उचललं, "सूचक तुम्ही. संदर्भ काय लिहू? अर्ज कुणाचा?"

"आबांचा."

"ते मयत आहेत. मयताचा अर्ज संदर्भाला चालत नाही."

"मग कावळ्याचा लिहा."

कुणी हसलं नाही. खिडकीबाहेर खरंच एक ओरडत होता. भाऊसाहेबांनी जरा थांबून 'तोंडी मागणी' असं लिहिलं. "अनुमोदक?" सगळे आपापल्या मोबाईलमध्ये. सरपंच पंख्याकडं बघत होते. मी वाट बघत बसले, मला त्याची सवय आहे.

मग उपसरपंचांनी हात वर केला. त्यांची आई नव्वदीची, दोन महिने अंथरुणाला खिळलेली, आणि त्यांच्या दारातला खांबावरचा दिवा तिनंच कितीदा सांगूनही बंद आहे. दुधाच्या वहीत तीनदा आलाय तो.

"मी अनुमोदक," ते म्हणाले. "आणि भाऊसाहेब, त्या दिव्याचाही विषय यातच घ्या. आजच घ्या."